मूल कोणाकडे, खर्च कोणाचा? : हिजानत, विलायत आणि नफका यांचा इतिहास

शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पालकाच्या नावाचा एक रकाना असतो. बहुतेक मुलांच्या बाबतीत तो भरताना कारकुनाचा हात थांबत नाही. परंतु दर जून महिन्यात दोन-चार अर्ज असे येतात की त्या रकान्यापाशी सारे अडते. मूल आईचे बोट धरून आलेले असते, सोबत नाना किंवा मामू असतो, आणि "पालकाचे नाव सांगा" म्हटले की मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागतात. मूल खाली जमिनीकडे पाहते.

१९९८ च्या सुमारास मी एका शाळेच्या विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाच्या वर्गांचे काम पाहत होतो. पाचवीतील एका मुलीची दोन सत्रांची फी थकली. आईवडिलांचा तलाक झालेला. मुलगी आईबरोबर आजोळी. वडिलांना बोलावून घेतले. गृहस्थ वाईट नव्हते. पाच वेळचे नमाजी, बोलण्यात अदब. ते म्हणाले, "सर, मुलीला माझ्या घरी पाठवा, फीच काय, सगळंच करतो. ती तिकडे राहणार आणि पैसे मी भरायचे, हा कुठला न्याय? शिवाय शरीअतप्रमाणे दोन वर्षांनंतर बापावर काही बंधन उरत नाही, असं मला जाणकारांनी सांगितलंय."

मी त्या दिवशी त्यांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. मास्तराला सगळे येते अशी आपल्याकडे एक समजूत आहे, ती खरी नाही. पुढे मी पुस्तके उघडली, एका वकील मित्राला त्रास दिला, दोन मौलवीसाहेबांकडे जाऊन बसलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण त्या गृहस्थांसारखे बोलणारे आजही भेटतात, आणि त्यांतील बहुतेकांना आपण मुलाचा हक्क बुडवीत आहोत याची जाणीवही नसते.

आधी शब्द समजून घेऊ. आपण सरसकट 'मुलाचा ताबा' म्हणतो. परंतु आपल्या फिकाहच्या ग्रंथांत तीन निरनिराळे शब्द आहेत. पहिला हिजानत. ज्या अरबी शब्दापासून तो निघाला त्याचा अर्थ कूस. मुलाला जवळ घेणे, न्हाऊ-माखू घालणे, भरवणे, रात्री उठून पाहणे, हे सारे हिजानतीत येते. दुसरा विलायत, म्हणजे पालकत्वाचा अधिकार : मुलाच्या मालमत्तेचा कारभार, त्याच्या वतीने करारमदार, निकाहाच्या वेळी वली म्हणून उभे राहणे. तिसरा नफका, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा यांचा खर्च. हिजानतीत पहिला मान आईचा, विलायत बापाची, आणि नफका बापाच्या शिरावर. मूल कोणाच्या छताखाली झोपते यावर तिसरी गोष्ट अवलंबून ठेवलेली नाही. सारे भांडण हे तीन धागे एकात गुंतवल्यामुळे होते.

कुराणे शरीफमध्ये सूरे बकराच्या २३३ व्या आयतीत दूध पाजण्याची पूर्ण मुदत दोन वर्षे सांगितली आहे, आणि त्याच आयतीत आईच्या अन्नवस्त्राचा भार मुलाच्या बापावर टाकला आहे. मुलापायी ना आईला पिडावे, ना बापाला, असेही तेथे बजावले आहे. सूरे तलाकच्या सहाव्या आयतीत तर तलाक झालेली आई मुलाला पाजीत असेल तर तिला त्याचा मोबदला द्यावा असे आहे. आमच्या गृहस्थांची 'दोन वर्षे' कोठून आली, हे आपल्या ध्यानात आले असेलच. ती दुधाची मुदत आहे. त्यानंतर मुलाला भूक लागत नाही असे कोठेही म्हटलेले नाही.

आता एक जुना दावा ऐका. इमाम मालिक यांच्या मुवत्ता या ग्रंथात तो नोंदलेला आहे. हजरत उमर (रजि.) यांनी एका अन्सारी बाईशी विवाह केला होता, तिच्यापासून त्यांना आसिम नावाचा मुलगा झाला आणि पुढे ती दोघे विभक्त झाली. एके दिवशी उमर (रजि.) मदीनेजवळच्या कुबा या वस्तीत गेले असता मशिदीच्या अंगणात आसिम खेळताना दिसला. त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला आपल्या वाहनावर पुढ्यात बसवले. इतक्यात मुलाची नानी धावत आली. तिने वाट अडवली. हा म्हणे माझा मुलगा, ती म्हणे माझा. तंटा खलीफा हजरत अबूबकर (रजि.) यांच्यापुढे गेला. त्यांनी निकाल बाईच्या बाजूने दिला, मुलाच्या आणि तिच्या मध्ये येऊ नका, असे उमर (रजि.) यांना सांगितले. उमर (रजि.) यांनी त्यावर उलट शब्द काढला नाही.

वाचकहो, येथे क्षणभर थांबू या. अबूबकर (रजि.) यांची खिलाफत ६३२ ते ६३४ अशी दोनच वर्षांची. त्या काळात दरबारात ज्यांच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन होते ते उमर (रजि.), पुढचे खलीफाही तेच झाले. त्यांच्याविरुद्ध एका म्हातारीचा दावा मान्य झाला आणि त्यांनी तो मुकाट्याने मानला. आपल्या मोहल्ल्यातील जमातीच्या बैठकीत असा निकाल किती वेळा लागतो, हे ज्याचे त्याने आठवावे. आणि तो अंगणात खेळणारा आसिम? त्याची मुलगी पुढे ज्यांची आई झाली ते उमर बिन अब्दुल अजीज, ७१७ ते ७२० या काळातील खलीफा, न्यायासाठी ज्यांचे नाव आजही घेतले जाते ते.

असाच एक प्रसंग हिजरी ७, म्हणजे इ. स. ६२९ मधला आहे. उहुदच्या लढाईत शहीद झालेल्या हजरत हमजा (रजि.) यांची पोरकी मुलगी मक्केहून मुसलमानांच्या मागे आली, तेव्हा तिला सांभाळण्यासाठी हजरत अली, हजरत जाफर आणि हजरत जैद (रजि.) या तिघांत चढाओढ लागली. पैगंबर साहेबांनी (स.) मुलगी जाफर (रजि.) यांच्या घरी दिली. कारण एकच : त्यांची पत्नी अस्मा ही त्या मुलीची खाला होती, आणि खाला आईच्या ठिकाणी असते. हनफी ग्रंथांत आईनंतर नानी, दादी, बहिणी, खाला असा बायकांचाच लांबलचक क्रम का लागतो, ते यावरून समजते. आणि भांडण 'मला सांभाळू द्या' असे होते, 'मी का सांभाळू' असे नव्हते, हाही फरक लक्षात घेण्यासारखा आहे.

आईकडे मूल किती वयापर्यंत, याबाबत मजहबांत फरक आहे. हनफी मताप्रमाणे मुलगा सात वर्षांपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत. शिया इस्ना अशरी मताप्रमाणे मुलगा दोन वर्षे व मुलगी सात. आईने मुलाच्या नात्याबाहेरील पुरुषाशी पुन्हा निकाह केला तर तिचा हक्क मागे पडतो, असेही सर्वसाधारण मत आहे. आता आपल्यापैकी ज्यांची गावे दापोली, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूला आहेत त्यांनी आपले कान टवकारावेत. आपण कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या शाफई. देशावरील मंडळी बहुतेक हनफी. शाफई मताप्रमाणे मूल समजूतदार झाले, साधारण सात-आठ वर्षांचे झाले, की आई आणि बाप यांपैकी कोणाजवळ राहायचे ते त्यालाच विचारायचे. यालाही आधार आहे. एक बाई पैगंबर साहेबांकडे (स.) तक्रार घेऊन आली की, मुलगा आता मला विहिरीचे पाणी आणून देण्याजोगा झाला आहे आणि त्याचा बाप त्याला घेऊन जाऊ पाहतो. साहेबांनी मुलालाच निवड करायला सांगितली. त्याने आईचा हात धरला आणि ती त्याला घेऊन गेली. मूल कामाला येऊ लागले की त्याच्यावरचे प्रेम एकाएकी उफाळून येते, ही गोष्ट चौदाशे वर्षांपूर्वीही माहीत होती असे दिसते.

माझ्या ऐकण्यात मात्र कोकणातील कोणा जमातीने मुलाला विचारल्याचे उदाहरण आलेले नाही. आपण शाफई आहोत हे आपल्याला नमाजेत हात कोठे बांधावेत यापुरतेच आठवते.

मग इंग्रज आले. बंगालात वॉरन हेस्टिंग्जने १७७२ साली असे ठरवले की विवाह, वारसा इत्यादी बाबतींत मुसलमानांना कुराणाचा कायदा लावावा. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत १८२७ चे कायदे झाले, त्यांत देशाचा रिवाज आणि प्रतिवादीचा कायदा पाहावा असे म्हटले. साहेबाला अरबी येत नव्हते; म्हणून हिदाया या हनफी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर चार्ल्स हॅमिल्टनने १७९१ साली प्रसिद्ध केले, आणि पुढे कोर्टात तोच प्रमुख आधार होऊन बसला. शाफईंचे बारकावे मागे पडले ते बऱ्याच अंशी असे. एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे भाषांतर ज्या देशात छापले गेले, त्या विलायतेत त्या काळी बाप हयात असता आईला मुलावर कायद्याने काहीच हक्क नव्हता. कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या एका बाईची तीन मुले नवऱ्याने हिरावून नेली, तिने लेखणी हाती धरून चळवळ केली, तेव्हा कोठे १८३९ साली तेथील पार्लमेंटने सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी आईला अर्ज करण्याची मुभा दिली. सात वर्षांचा तो आकडा आपल्या आजी-पणज्यांना शेकडो वर्षे ठाऊक होता.

पण इंग्रजी अमलात एक नुकसान झाले आणि त्याचे परिणाम आपण अजून भोगीत आहोत. काजीसमोर जेव्हा तंटा जाई तेव्हा मूल कोणाकडे राहील आणि त्याला खर्च किती मिळेल, या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत ठरू शकत. काजीची न्यायदानाची सत्ता कंपनी सरकारच्या काळातच आटत गेली. १८६४ च्या कायद्याने सरकारी काजींच्या नेमणुका बंद झाल्या. १८८० च्या काजी कायद्याने त्या पुन्हा करता येऊ लागल्या, परंतु न्यायदानाचा अधिकार त्यांना दिला नाही. आता ताब्यासाठी १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालय, आणि पोटगीसाठी फौजदारी कायद्याखाली मॅजिस्ट्रेट, असे दोन दरवाजे झाले. ज्या बाईला एका दरवाजापर्यंत जायला भाऊ सोबत हवा, तिला दोन दरवाजे! एका कोर्टातला दावा दुसऱ्या कोर्टात दबाव आणण्यासाठी वापरायचा, 'पोटगीचा अर्ज मागे घे, नाहीतर मुलाला काढून घेतो', ही चाल या दोन दरवाजांमुळे सोपी झाली असे माझे मत आहे.

१८९० चा कायदा स्वतः वाईट नाही. त्याच्या १७ व्या कलमात मुलाचे हित हा निकष घातला, मुलाच्या जातीय कायद्याशी सुसंगत राहून. आणि मूल समजूतदार असेल तर त्याची इच्छाही न्यायाधीशाने विचारात घ्यावी असे लिहिले. शाफईंची जुनी वाट दुसऱ्या दरवाजाने आत आली म्हणायची! १९१८ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे इमामबंदी विरुद्ध मुत्सद्दी हा खटला आला, आणि निकालपत्र दिले ते न्यायमूर्ती सय्यद अमीर अली यांनी. प्रकरण खरे तर आईने अज्ञान मुलांची मालमत्ता विकल्याचे होते. निकाल असा झाला की, आईचा हक्क ठराविक वयापर्यंत मुलाच्या शरीराच्या संगोपनापुरता आहे, मालमत्तेवर नाही. कायदेशीर पालक बापच. पुढे कोर्टाकोर्टांतून हे वाक्य बापांच्या वकिलांनी इतके वापरले की जणू मुलाचे सर्वस्व बापाचे. पण पालक या नात्याने अधिकार सांगणाऱ्याकडे खर्चाची जबाबदारीही येते, हे सांगायला कोणी उभे राहत नसे. १९३७ च्या शरीअत कायद्यात पालकत्व आणि पोटगी हे दोन्ही विषय एकाच यादीत आहेत. आपण मात्र त्यांतला सोयीचा तेवढा वाचतो.

पोटगीच्या बाजूचा इतिहास रुपयांत सांगता येतो. १८९८ च्या फौजदारी संहितेच्या ४८८ व्या कलमात ऐपत असूनही बायकोला व मुलांना टाकणाऱ्या माणसाला महिना जास्तीत जास्त ५० रुपये देण्याचा हुकूम करता येई. १९२३ साली ही मर्यादा १०० झाली, १९५५ साली ५००. १९७३ च्या नव्या संहितेत हेच १२५ वे कलम झाले, आणि ५०० रुपयांची मर्यादा तशीच २००१ पर्यंत राहिली. मध्ये तांदळाचा भाव कोठून कोठे गेला! हे कलम धर्म पाहत नाही. सारे मुलाच्या भुकेवर.

मग आले शहाबानो प्रकरण. इंदूरच्या या वृद्ध बाईचा निकाह १९३२ सालचा, तलाक १९७८ सालचा. मॅजिस्ट्रेटने महिना २५ रुपये दिले, उच्च न्यायालयाने १७९ रुपये २० पैसे केले, आणि २३ एप्रिल १९८५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. त्यानंतर देशभर काय गदारोळ झाला तो आपल्यातील वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे. त्याची उजळणी येथे नको. इतकेच सांगतो की त्या साऱ्या सभा-मोर्चांत, दोन्ही बाजूंच्या, तलाकशुदा बाईच्या कडेवरच्या मुलाचे नाव क्वचितच निघाले. मे १९८६ मध्ये जो नवा कायदा झाला त्याच्या तिसऱ्या कलमात एक पोटकलम होते : आई मुलांना सांभाळीत असेल तर त्यांच्या जन्मापासून दोन वर्षांपर्यंत माजी नवऱ्याने वाजवी तरतूद करावी. ती दुधाची दोन वर्षे कायद्याच्या पुस्तकात आली आणि लोकांनी तिचा अर्थ केला की, दुसऱ्या वाढदिवसापासून बाप मोकळा!

असा अर्थ केवळ चहाच्या टपरीवर झाला असता तर गोष्ट वेगळी. बिहारमधील एका प्रकरणात खालच्या कोर्टाने तीन मुलांना प्रत्येकी महिना १५० रुपये दिले होते. पाटणा उच्च न्यायालयाने मात्र दोन वर्षांच्या आतल्या मुलापुरताच हक्क मान्य केला. आई सर्वोच्च न्यायालयात गेली. नूर सबा खातून प्रकरण म्हणून ओळखला जाणारा तो निकाल जुलै १९९७ मध्ये लागला. न्यायालयाने सांगितले की, १९८६ च्या कायद्यातील दोन वर्षांची रक्कम ही तान्ह्याला सांभाळणाऱ्या आईचा हक्क आहे. मुलाचा बापाकडून पोटगी घेण्याचा हक्क त्याहून स्वतंत्र आहे आणि तो १२५ व्या कलमाखाली अबाधित आहे. मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतःचे पोट भरू लागेपर्यंत, आणि मुली त्यांचे लग्न होईपर्यंत. हा हक्क मुस्लिम कायद्यातही मुळात आहेच, असेही न्यायालयाने दाखवून दिले. ज्यांना कोर्टाचा निकाल म्हटला की शरीअतीत ढवळाढवळ वाटते, त्यांनी हनफी ग्रंथांत नफक्याचे प्रकरण उघडून पाहावे. मुलगा कमावता होईपर्यंत, मुलगी सासरी जाईपर्यंत : तेथेही बापाचे कर्ज असेच मोजले आहे.

पुढचे थोडक्यात सांगतो. दोन दरवाजे एक करण्याचा प्रयत्न १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने झाला. मुंबई-पुण्यात ही न्यायालये १९८९ साली सुरू झाली, पण सर्व तालुक्यांच्या बायकांना ती जवळ नाहीत. २०१९ च्या कायद्याने एका दमात दिलेला तीन तलाक गुन्हा ठरला. त्यात त्या बाईला व तिच्या मुलांना निर्वाहभत्ता आणि अज्ञान मुलांचा ताबा मागण्याची तरतूद आहे. जुन्या १२५ व्या कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले आहे.

पालकहो, मुलीच्या माहेरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. तलाकच्या बैठकीत मेहर, दागिने, भांडी यांची यादी होते. त्याच कागदावर मुलांचा मासिक खर्च, शाळेची फी आणि बापाने मुलांना कधी भेटावे हे लिहून घ्यावे. आईने 'मुले माझ्याकडे ठेवते, काही मागणार नाही' असे लिहून दिले तरी मुलाचा हक्क त्याने जात नाही, कारण तो तिचा नव्हेच. दुसरी गोष्ट, कोर्टाने पोटगी ठरवल्यावर थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. शरमेने वा दमून गप्प बसून राहिल्यास तेवढे पैसे हातचे जातात. आणि बापांना एक विनंती : खर्च देत असाल तर बँकेतून द्या, पावती ठेवा, आणि मुलाला भेटायला जा. खर्च बंद करून भेट मागणारा जितका चुकतो, तितकीच खर्च घेऊन भेट नाकारणारी आजोळची मंडळीही चुकतात. मी दोन्ही पाहिले आहेत. शाळेच्या फाटकाशी शनिवारी दुपारी उभा असलेला बाप आणि त्याला पाहून मुलाला मागच्या दाराने नेणारा मामू, हे दृश्यही काही फार चांगले नसते.

त्या मुलीचे काय झाले, असे आपण विचाराल. पुढच्या खेपेस वडील आले तेव्हा मी त्यांना १९९७ च्या निकालाबद्दल सांगितलेच नाही. कुबाच्या अंगणातील गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून पैसे काढून एका सत्राची फी भरली आणि दुसऱ्या सत्राला मुदत मागितली. नंतर फी मनिऑर्डरने येत असे, कधी वेळेवर, कधी दोन महिने उशिरा. दहावीच्या निकालाच्या दिवशी ते शाळेत आले होते. मुलगी आईबरोबर व्हरांड्याच्या एका टोकाला उभी होती, हे दुसऱ्या टोकाला. गुणपत्रिका हातात पडल्यावर ती आधी आईकडे गेली आणि मग, आईनेच हलकेच ढकलल्यावर, व्हरांडा ओलांडून त्यांच्याकडे गेली.